इंग्रजी वाक्यातील चूक आणि तिच्यामागचे मराठी वाक्य

बँकेच्या, रेल्वेच्या अथवा सरकारी कारकुनीच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवाराला इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक ठराविक प्रश्न हमखास भेटतो. एक वाक्य दिलेले असते, त्याचे तीन-चार तुकडे पाडलेले असतात, आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखावयाचे असते. कधी वाक्यात चूक मुळीच नसते. तेही ओळखावयाचे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतून शिकून आलेला विद्यार्थी या प्रश्नापाशी पुष्कळदा अडखळतो. नियम त्याने पाठ केलेले असतात, रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाची पानेही झिजवलेली असतात. तरीसुद्धा समोरचे चुकीचे वाक्य त्याच्या कानाला बरोबर वाटते. ते बरोबर का वाटते, हाच खरा प्रश्न आहे. त्या इंग्रजी वाक्याच्या पाठीमागे एक निर्दोष मराठी वाक्य उभे असते, आणि विद्यार्थ्याचा कान त्या मराठी वाक्याला होकार देत असतो, हे त्याचे उत्तर होय.

सीमाभागातील मुलाला भाषांचा व्यवहार नवा नाही. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी, कचेरीत कानडी आणि मुलाखतीच्या मेजापुढे इंग्रजी, असा त्याचा दिनक्रम असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याला १९७३ मध्ये कर्नाटक हे नाव मिळाले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. त्याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. मुलाची परीक्षा मात्र तोवर थांबत नाही. तीन भाषांच्या या रहाटगाडग्यात इंग्रजीतील एखाद्या चुकीमुळे त्याला हसे सोसावे लागते, आणि मग ‘मराठी शाळेत घातले म्हणून हे असे झाले’ असे घरातील माणसेही म्हणू लागतात. म्हणूनच या चुकांकडे नीट पाहणे अगत्याचे आहे.

या भागातील भाषांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाच्या बोलींची पाहणी करून १९७१ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. कुपवाडात कानडी, मराठी, उर्दू आणि काही घरांत तेलुगू अशा भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आल्या होत्या. शब्द प्रत्येक भाषेने आपापले ठेवले. परंतु वाक्यांची घडण इतकी एकसारखी होऊन गेली होती की, एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द एकापुढे एक ठेवीत गेले की वाक्य तयार व्हावे. कुपवाडापुरतीच ही गोष्ट नाही. मराठी माणूस ‘घरी जाऊन आलो’ म्हणतो, कानडी माणूस ‘मनेगे होगि बंदे’ म्हणतो. ‘मनेगे’ म्हणजे घरी, ‘होगि’ म्हणजे जाऊन, ‘बंदे’ म्हणजे आलो. शब्दाला शब्द, क्रमाला क्रम. पु. ल. देशपांडे यांनी ‘गणगोत’मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचे जे व्यक्तिचित्र रेखाटले, त्यातील मराठीला कानडीचा जो रंग आहे, तो याच शेजारधर्माचा आहे.

सीमाभागातील मुलाला शब्दाला शब्द लावण्याची सवय अशी घरच्या घरीच लागते, आणि मराठी-कानडीच्या व्यवहारात ती सवय त्याला बहुतेक वेळा दगा देत नाही. इंग्रजी मात्र या दोन भाषांच्या शेजारी वाढलेली नाही. तेथे शब्दाला शब्द ठेवला की घडी विसकटते. मराठी मुलाच्या इंग्रजीतील पुष्कळशा चुका या एकाच ठिकाणी जन्म घेतात, आणि जन्मस्थान कळले की चूक ओळखणे सोपे होते.

प्रथम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पाहावीत. ‘तो दोन वर्षांपासून निपाणीत राहतो’ हे शुद्ध मराठी वाक्य आहे. याचे शब्दशः इंग्रजी ‘ही इज लिव्हिंग इन निपाणी सिन्स टू इयर्स’ असे होते, आणि ते दोन ठिकाणी चुकते. मराठीतील ‘पासून’ हा शब्द दोन कामे करतो. ‘सोमवारपासून’ म्हणताना तो आरंभाचा क्षण दाखवतो, तर ‘दोन वर्षांपासून’ म्हणताना मधला काळ मोजतो. कानडीतही ‘सोमवारदिंद’ आणि ‘एरडु वर्षदिंद’ असा एकच प्रत्यय दोन्हीकडे चालतो. इंग्रजीने ही दोन कामे दोघांना वाटून दिली आहेत. आरंभाच्या क्षणासाठी ‘सिन्स’ आणि मोजलेल्या काळासाठी ‘फॉर’. दुसरी चूक क्रियापदातील आहे. मागे सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट मराठी साध्या वर्तमानकाळात सांगते. इंग्रजीला तेथे ‘हॅज बीन’ लागते. म्हणून शुद्ध वाक्य ‘ही हॅज बीन लिव्हिंग इन निपाणी फॉर टू इयर्स’ असे होईल.

‘ने’ या प्रत्ययाचेही तसेच आहे. ‘तो बसने जातो’ आणि ‘तो पेनाने लिहितो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच ‘ने’ पुरतो. त्यामुळे ‘ही गोज बाय बस’ हे बरोबर लिहिणारा विद्यार्थी त्याच ओघात ‘ही राइट्स बाय अ पेन’ असे लिहून बसतो. हातात धरलेल्या साधनासाठी इंग्रजी ‘विथ’ वापरते. ‘विथ अ पेन’, ‘विथ अ नाइफ’. उलट काही ठिकाणी मराठीला जोडशब्द लागतो आणि इंग्रजीला तो नको असतो. ‘आम्ही त्या प्रश्नाविषयी चर्चा केली’ यातील ‘विषयी’ मनात घोळत असतो, म्हणून ‘वुई डिस्कस्ड अबाउट द क्वेश्चन’ असे लिहिले जाते. ‘तिने त्याच्याशी लग्न केले’ यातील ‘शी’ ‘शी मॅरीड विथ हिम’ या वाक्यात शिरतो. ‘डिस्कस’ आणि ‘मॅरी’ ही क्रियापदे आपले कर्म थेट घेतात. ‘अबाउट’ आणि ‘विथ’ तेथे आगंतुक ठरतात. प्रश्नपत्रिकेतील वाक्यात असा छोटा शब्द दिसला की तो इंग्रजी क्रियापदाने बोलावला आहे की मराठी प्रत्ययाबरोबर आला आहे, एवढे विचारावे.

आता काळाचा प्रश्न. ‘मला डोंगर दिसत आहे’, ‘मला तुमचे म्हणणे समजत नाही आहे’ अशी वाक्ये मराठीत सहज चालतात. कानडीतही ‘काणुत्तिदे’ म्हणजे ‘दिसत आहे’ असेच म्हणतात. इंग्रजीत मात्र पाहणे, समजणे, ओळखणे, आवडणे, मालकीचे असणे या गोष्टींकडे क्रिया म्हणून न पाहता स्थिती म्हणून पाहतात. क्रिया चालू असू शकते. स्थिती नुसती असते. म्हणून ‘आय ॲम सीइंग द हिल’ आणि ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ या वाक्यांऐवजी ‘आय कॅन सी द हिल’ आणि ‘आय डू नॉट अंडरस्टँड’ असे म्हणावे लागते. त्याचप्रमाणे ‘मी त्याला काल पाहिले आहे’ असे मराठीत म्हणता येते, पण ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असे इंग्रजीत म्हणता येत नाही. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘१९५६ मध्ये’ असा मागे पडलेला निश्चित समय वाक्यात आला की ‘हॅव’ला तेथे जागा उरत नाही. ‘आय सॉ हिम यस्टरडे’ एवढेच पुरते.

मराठी वाक्यरचनेचे एक सौंदर्य तिच्या जोड्यांत आहे. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी, ज्याअर्थी-त्याअर्थी. या जोडीतील पहिला शब्द आला की कान दुसऱ्याची वाट पाहतो. ‘जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे’ हे वाक्य म्हणूनच घाटदार वाटते. ते इंग्रजीत नेताना ‘दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे होते. ‘तो आजारी होता म्हणून आला नाही’ याचेही ‘ॲज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ असे होते. इंग्रजी दोन वाक्ये एकाच खिळ्याने जोडते. दुसरा खिळा मारला की लाकूड फुटते. ‘दो’ ठेवावा अथवा ‘बट’ ठेवावा, ‘ॲज’ ठेवावा अथवा ‘सो’ ठेवावा. दोन्ही ठेवू नयेत.

कर्ता आणि क्रियापद यांच्या मेळातही एक फसवी जागा आहे. निपाणीच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर ‘विड्यांचे बंडल मेजावर आहे’ हे वाक्य घ्यावे. मराठीत मुख्य शब्द, म्हणजे ‘बंडल’, हा ‘विड्यांचे’ या शब्दानंतर येतो. त्यामुळे एकवचनी क्रियापद कानाला आपोआप पटते. इंग्रजीत क्रम उलटतो. ‘द बंडल ऑफ बिडीज’ असे म्हटले की मुख्य शब्द मागे राहतो आणि अनेकवचनी ‘बिडीज’ क्रियापदाला खेटून उभा राहतो. मग ‘द बंडल ऑफ बिडीज आर ऑन द टेबल’ असे लिहिले जाते. तेथे ‘इज’ हवे. शिवाय मराठी क्रियापद नेहमी कर्त्याकडेच पाहते असे नाही. ‘रामाने आंबे खाल्ले’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगांत ते कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजी क्रियापद कर्त्याखेरीज कोणाकडेही पाहत नाही. म्हणून ‘ऑफ’ हा शब्द आणि त्याच्या मागून आलेला शब्द हाताने झाकावे, आणि उरलेल्या कर्त्याशी क्रियापद जुळते का ते पाहावे. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ यानंतर ‘हॅव’ का येत नाही, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

उपपदे, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’, मराठीत नाहीत, कानडीतही नाहीत. त्यामुळे ‘तो शिक्षक आहे’ याचे ‘ही इज टीचर’ होते. येथे शब्दशः भाषांतराने शब्द वाढत नाही, उलट एक गळतो, आणि गळलेली वस्तू डोळ्याला दिसत नाही म्हणून ही चूक सापडण्यास अवघड जाते. तथापि उपपदांच्या एका भागात मराठी विद्यार्थ्याजवळ इंग्रज मुलाजवळ नसलेले साधन आहे. ‘अ’ केव्हा आणि ‘ॲन’ केव्हा, हा निर्णय अक्षरावर होत नसून उच्चारावर होतो. रोमन लिपीत अक्षर आणि उच्चार यांची पुष्कळदा फारकत असते. देवनागरी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. म्हणून इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहून पाहावा. आरंभी स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आले तर ‘अ’. ‘ऑनेस्ट मॅन’, ‘अवर’, ‘एमएलए’ या शब्दांना ‘ॲन’ लागतो. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’, ‘वन-रुपी नोट’ यांना ‘अ’ लागतो. रोमन अक्षरांनी गोंधळात पाडलेला प्रश्न देवनागरी क्षणात सोडवते. मातृभाषेची लिपी येथे अडथळा होत नाही, उपयोगी पडते.

मातृभाषेची मदत अन्यत्रही होते. ‘इन्फर्मेशन’ या शब्दाचे अनेकवचन करू नये, असा नियम मुलांकडून घोकून घेतला जातो. ‘माहिती’ या मराठी शब्दाचेही अनेकवचन कोणी करीत नाही, हे लक्षात आणून दिले की नियम घोकावा लागत नाही. उलट ‘माझे केस पांढरे झाले’ या वाक्यात ‘केस’ अनेकवचनी असतात, आणि म्हणून ‘माय हेअर्स’ ही चूक होते. डोक्यावरील सर्व केसांना मिळून इंग्रजी ‘हेअर’ असे एकवचनात म्हणते. मराठी कोठे साथ देते आणि कोठे सोडते, याची अशी नोंद विद्यार्थ्याला व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडावी.

आता वाक्प्रचार. व्याकरणाच्या चुका नियमाने सुधारतात. वाक्प्रचाराच्या चुका परिचयानेच सुधारतात. निपाणीच्या परिसरात तंबाखूचे पीक आणि विड्यांचा धंदा हा पिढ्यांचा व्यवसाय आहे. तेथील मराठी माणूस विडी ‘ओढतो’. कानडी माणूस ‘सेदु’ हे क्रियापद वापरतो, आणि विहिरीतून पाणी ओढून काढण्यालाही तेच क्रियापद चालते. मराठीतील ‘पाणी शेंदणे’ त्याच्या किती जवळ आहे, हे कानाला सहज कळते. हिंदी माणूस विडी ‘पितो’. इंग्रज ती ओढीत नाही आणि पीतही नाही. तो तिचा धूर करतो, ‘स्मोक्स’. एकच कृती, पण प्रत्येक भाषेने ती वेगळ्या अंगाने पाहिलेली. मत्सराचेही तसेच. दुसऱ्याचे चांगले झालेले पाहून मराठी माणसाच्या पोटात दुखते. कानडीत त्याला ‘होट्टेकिच्चु’, म्हणजे पोटातील आग, असे म्हणतात. पोट ही जागा दोघांनी एकच ठरवली. इंग्रजाजवळ मात्र ‘हिज स्टमक इज बर्निंग’ असे म्हटले तर तो औषध सुचवील.

रोजच्या बोलण्यातील अशा जागा पुष्कळ आहेत. मराठीत दार बंद करतात आणि दिवाही बंद करतात. म्हणून ‘क्लोज द लाइट’. इंग्रजीत दार ‘क्लोज’ होते, दिवा ‘स्विच ऑफ’ होतो. मराठी विद्यार्थी परीक्षा ‘देतो’. म्हणून ‘आय गेव्ह द एग्झामिनेशन’. इंग्लंडातील विद्यार्थी ती ‘टेक’ करतो अथवा तिला ‘सिट’ करतो. तेथे परीक्षा देणारा म्हणजे परीक्षा घेणारा. ‘माझे पोट दुखते आहे’ याचे ‘माय स्टमक इज पेनिंग’ होते; इंग्रजीत ‘आय हॅव अ स्टमक-एक’ असे दुखणे जवळ बाळगावे लागते. निरोप घेताना ‘जातो’ म्हणणे या भागात अशुभ मानतात. मराठीत ‘येतो’ अथवा ‘जाऊन येतो’ म्हणतात, कानडीतही ‘होगि बरुत्तेने’ म्हणजे ‘जाऊन येतो’ असेच म्हणतात. त्याचे ‘आय विल गो अँड कम’ असे इंग्रजी झाले की त्यातील मंगल भाव मागे राहतो आणि परक्या माणसाला केवळ दोन फेऱ्यांचे वर्तमान कळते.

आतापर्यंतच्या चुकांनी गुण जातात, क्वचित हसे होते. अर्थ मात्र बहुधा समजतो. काही चुका याहून गंभीर आहेत, कारण त्यांनी अर्थच उलटतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष दिसते, आणि ऐकणारा भलतेच समजतो. नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हे याचे ठळक उदाहरण होय. ‘तुम्हाला नोटीस मिळाली नाही का?’ असे विचारले असता मराठी माणूस ‘होय, मिळाली नाही’ असे म्हणतो. त्याचा ‘होय’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. तुम्ही म्हणता ते खरे, असा त्याचा भाव. इंग्रजीतील ‘यस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याकडे पाहत नाहीत, वस्तुस्थितीकडे पाहतात. नोटीस मिळाली असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’. प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी. ‘हॅव यू नॉट रिसीव्हड द नोटीस?’ या प्रश्नाला मराठी सवयीने नुसते ‘यस’ म्हणणारा माणूस नोटीस मिळाल्याची कबुली देऊन बसतो. मुलाखतीत, कचेरीत अथवा न्यायालयात याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण दुसऱ्याचे बोलणे सांगण्याचे. ‘भाऊ म्हणाला की मी उद्या पैसे भरीन’ या मराठी वाक्यात ‘मी’ म्हणजे भाऊ. ‘की’ आल्यावरही मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते. ‘माय ब्रदर सेड दॅट आय विल पे द मनी टुमॉरो’ असे इंग्रजी केले तर पैसे भरण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते. ‘दॅट’ आला की इंग्रजीत ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘विल’चा बहुधा ‘वुड’ होतो आणि ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो. अर्ज आणि जबाब इंग्रजीत लिहिणाऱ्याने या एका जागेवर दोनदा नजर टाकावी.

सर्वच चुका मातृभाषेतून येतात असे मात्र नव्हे. काही चुका इंग्रजीचाच नियम नको तेथे लावल्याने होतात. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांचा क्रम बदलत नाही. म्हणून नवशिका विद्यार्थी ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे विचारतो. ही मराठी चूक झाली. शिक्षक त्याला ‘व्हेअर आर यू गोइंग?’ असा उलटा क्रम शिकवतात. पुढे तो ‘आय डू नॉट नो व्हेअर आर यू गोइंग’ असेही लिहू लागतो. तेथे प्रश्न विचारलेला नसून प्रश्नाचा केवळ उल्लेख आहे, म्हणून क्रम सरळ हवा: ‘व्हेअर यू आर गोइंग’. ही दुसरी चूक अज्ञानाची नसून नव्याने शिकलेल्या नियमाच्या उत्साहाची आहे. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एका लेखात असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे नुसता केरकचरा नव्हे; त्याच्या मनात कोणते नियम तयार झाले आहेत, याची ती खूण असते. तांबड्या शाईने वही रंगवणाऱ्या शिक्षकाने हा विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या इयत्तेतील चुकीची जागा दुसऱ्या चुकीने घेतली, तर मुलगा मागे गेला असे समजू नये. तो एक पायरी चढला असेल.

शिवाय चूक आणि प्रदेशपरत्वे बदललेला प्रयोग यांत भेद केला पाहिजे. बेळगाव हे ब्रिटिश अमदानीपासून लष्करी छावणीचे गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तेथेच आहे. त्या काळी अधिकाऱ्यांच्या वस्तीच्या ठाण्याला ‘स्टेशन’ म्हणत. बाहेरगावी गेलेल्या माणसाविषयी ‘ही इज आउट ऑफ स्टेशन’ असे भारतात अजून म्हणतात, ते त्याचेच अवशेष होत. इंग्लंडात ते आज कोणाला उमगणार नाही, पण भारतीय इंग्रजीत ते रूढ आहे. ‘प्रीपोन’ हा तारीख अलीकडे आणण्याच्या अर्थाचा शब्द भारतात रुजला आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही त्याला स्थान मिळाले. ‘कझिन ब्रदर’ या प्रयोगाला परीक्षक हसतात. परंतु ज्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ असे चार निरनिराळे भाऊ आहेत आणि तितक्याच बहिणी आहेत, तिला नुसता ‘कझिन’ अपुरा वाटावा यात नवल नाही. असे प्रयोग घरगुती बोलण्यात खुशाल असावेत. परीक्षेच्या कागदावर मात्र प्रमाण प्रयोग लिहावा. कारण परीक्षक तेथे भाषेचा इतिहास तपासावयास बसलेला नसतो.

या सर्वांतून अभ्यासाची एक साधी पद्धत निघते. एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात स्वतःच्या लिखाणातील चुकलेले इंग्रजी वाक्य लिहावे. दुसऱ्यात त्याच्यामागचे मराठी वाक्य शोधून लिहावे. कानडी घरातून अथवा कानडी शेजारातून आलेल्या मुलाने कानडी वाक्यही लिहावे. तिसऱ्यात शुद्ध इंग्रजी वाक्य लिहून, दोन भाषांचे रस्ते ज्या शब्दापाशी फुटतात त्या शब्दाखाली रेघ ओढावी. काही दिवसांत असे दिसून येईल की रेघा पुन्हा पुन्हा त्याच दहा-वीस जागी पडत आहेत: पासून, ने, विषयी, आहे, जरी-तरी, होय, की. शत्रूंची संख्या अगणित नाही, आणि त्यांची नावे आधीपासूनच ओळखीची आहेत, हे कळले म्हणजे भीती निम्मी ओसरते.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दुसरा रकाना भरण्यासाठी मराठी पक्की असावी लागते. ‘की’नंतरचा ‘मी’ कोण आणि ‘पासून’ कोणते काम करतो, हे ज्या मुलाला मराठीत उलगडून सांगता येते, त्याला इंग्रजीतील फरक चटकन् दिसतो. ज्याची मराठीच अर्धवट राहिली, त्याच्याजवळ ताडून पाहावयाला मापच उरत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला हाती धरून पुढे पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य समोर ठेवावे आणि त्यावरून इंग्रजी घडवावे, हीच त्या पाठमालेची रीत होती. बेळगाव-निपाणीचा मुलगा तर त्यांच्याहून एक पाऊल पुढे आहे. दोन भाषांमधून ये-जा करणे त्याला शाळेत जाण्यापूर्वीपासून येते. तिसऱ्या भाषेचा उंबरठा उंच आहे एवढेच त्याला दाखवून द्यावयाचे आहे.